लिंबूटिंबूवर राज्य

आमच्या लहानपणी प्रत्येक खेळात एक लिंबूटिंबू असे. कोणाचा तरी धाकटा भाऊ, नाही तर शेजारच्या बिऱ्हाडातली पाच वर्षांची पोर. "त्यालाही घ्या रे," अशी घरातून आज्ञा झालेली असे म्हणून त्याला खेळात घ्यायचे, आणि त्याच्यामुळे खेळ बिघडू नये म्हणून त्याला लिंबूटिंबू ठरवायचे. लिंबूटिंबूने पळावे, लपावे, ओरडावे, पडून गुडघाही फोडून घ्यावा. पण तो कधी बाद होत नसे आणि त्याच्यावर कधी राज्य येत नसे. त्या वयात त्याला हा मोठाच मान वाटे. तो मान नव्हता, हे कळायला मोठे व्हावे लागते. ज्याच्यावर राज्य येत नाही, तो खेळात नसतोच. तो फक्त मैदानावर असतो.

बहुतेक लिंबूटिंबूंना वर्षा-दोन वर्षांत बढती मिळते. काही मुले मात्र नऊ-दहा वर्षांची झाली तरी लिंबूटिंबूच राहतात. माझा भाचा त्यांपैकी एक. ही हकीकत लिहायला त्याने मला परवानगी दिली आहे ती दोन अटींवर: त्याचे नाव घालायचे नाही, आणि आकडे चुकवायचे नाहीत.

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत मी पुण्याला धाकट्या बहिणीकडे उतरलो होतो. संध्याकाळी सोसायटीच्या आवारात मुलांचा लपंडाव रंगला होता. भाचाही त्यात होता. म्हणजे मैदानावर होता. आठच्या सुमारास आवार सामसूम झाले, घरोघरी पाने वाढली गेली, आणि आपला मुलगा घरात नाही हे बहिणीच्या ध्यानात आले. पुढचा दीड तास कसा गेला ते सांगत नाही. साडेनऊला तो मला सापडला. पाण्याच्या टाकीमागे गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. डास चावत होते, पण तो तसूभरही हलला नव्हता. मी त्याला जवळ घ्यायला वाकलो, तर तो हळूच म्हणाला, "मामा, तू जा. राज्य तुझ्यावर नाही."

ज्याच्यावर राज्य होते त्या मुलाला जेवणावरून उठवून आणावे लागले. हात धुऊन तो बिचारा टाकीमागे आला आणि "दिसलास" म्हणाला, तेव्हा आमचे चिरंजीव बाहेर आले.

मुले दुष्ट नव्हती. त्यांनी त्याला मुद्दाम टाकले नव्हते. खेळ मोडताना कोण सापडले, कोण राहिले, हे त्यांनी मोजले होते. त्या मोजणीत लिंबूटिंबू धरायचा नसतो, एवढेच. त्या रात्री बहीण बराच वेळ गॅलरीत उभी होती. मी शेजारी जाऊन उभा राहिलो तेव्हा ती म्हणाली, "दादा, तो सगळे नियम पाळतो रे. पण त्याला धरून नियम कोणी केलेलाच नाही."

शब्द आणि साक्ष

माझ्या भाच्याला ऑटिझम आहे. मराठीत आपण त्याला स्वमग्नता म्हणतो. १९४३ साली अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचे डॉक्टर लिओ कॅनर यांनी ११ मुलांचा वृत्तांत प्रसिद्ध केला, आणि ही अवस्था वैद्यकशास्त्रात स्वतंत्रपणे ओळखली जाऊ लागली. ऑटिझम या शब्दाच्या मुळाशी ग्रीक भाषेतला 'स्व' आहे. तेव्हा आपला मराठी शब्द मूळ शब्दाशी इमान राखून आहे, यात शंका नाही. पण इमानी शब्दही कधी कधी खोटी साक्ष देतात. 'स्वमग्न' म्हटले की आपल्यातच रमलेला, दुसऱ्याची गरजच नसलेला एखादा जीव डोळ्यांपुढे येतो. कोणीतरी आपल्याला शोधायला येईल म्हणून दीड तास डास सोसत बसलेल्या मुलाला हा शब्द लावताना माझी जीभ अडखळते.

स्वमग्नता हा काही उतरणारा ताप नव्हे. मेंदूची ती जन्मापासूनचीच एक वेगळी घडण आहे, आणि तिच्यात तऱ्हाही पुष्कळ. कोणी मूल बोलतच नाही, तर कोणी आगगाड्यांचे अख्खे वेळापत्रक तोंडपाठ म्हणते. कोणाला कुकरची शिट्टी असह्य होते, कोणाला नव्या सदऱ्याची शिवण टोचते. पण दुसऱ्याच्या मनातले न बोललेले ओळखणे आणि त्यानुसार वागणे, ही गोष्ट या बहुतेक मुलांना अवघड जाते.

मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. शब्दशक्ती हा माझ्या आवडीचा विषय. अभिधा म्हणजे शब्दाचा सरळ अर्थ. लक्षणा म्हणजे सरळ अर्थ जुळत नाही तेव्हा घ्यावा लागणारा दुसरा. आणि व्यंजना म्हणजे नुसता सुचवलेला. "सूर्य मावळला," एवढेच कोणी म्हटले, तरी गुराखी गुरे वळवतो, गृहिणी दिवा लावते आणि चोर कंबर कसतो! वर्गात आम्ही व्यंजनेचे केवढे कौतुक करतो! पण व्यंजनेवर चालणारे जग एखाद्याला किती जाचक होत असेल, हे भाचा मोठा होऊ लागेपर्यंत माझ्या कधी मनातही आले नव्हते. एकदा बहीण कामाच्या घाईत त्याला म्हणाली, "माझं डोकं खाऊ नकोस." त्याने हात पुढे करून दाखवला. "मी पोळी खातोय." आम्ही सगळे हसलो. तो हसला नाही. आम्ही का हसलो, हे त्याने रात्री अंथरुणावर पडल्यावर आईला विचारले.

आणि मैदानावरचा खेळ म्हणजे तर निम्मी व्यंजनाच! "ए, पुरे," म्हणजे खेळ संपला, की बोलणारा नुसता दमला? हे चिडवणे लोभाचे, की वैराचे? मध्येच कोणीतरी नियम बदलतो; बाकीच्यांना तो डोळ्यांच्या खुणेने कळतो, याला कळत नाही. अशा मुलाला चारचौघांत वावरायला शिकवायचे कसे? "मैदानावर सोडा, आपोआप शिकेल," असे सांगणारे पुष्कळ भेटतात. टाकीमागची ती रात्र आठवली की या 'आपोआप'वर माझा विश्वास राहत नाही.

ठोकळ्यांची दुनिया

आता येथे मी व्हिडिओ गेमचे नाव काढले, तर सुज्ञ वाचक अंक मिटून ठेवतील अशी मला धास्ती आहे. दोन वर्षांपूर्वी मीही तेच केले असते. पडद्याला डोळे चिकटवून बसलेले मूल दिसले की मला राग येई. त्यातून माणसे टाळणाऱ्या मुलाच्या हाती असा खेळ देणे म्हणजे आधीच एकांतात असलेल्याला आणखी एका खोलीत कोंडणे, असेच माझे मत होते. हे मत मी बहिणीला पुष्कळदा ऐकवले. शेवटी ती म्हणाली, "दादा, न वाचलेल्या पुस्तकावर तू कधी अभिप्राय देतोस का?" या प्रश्नाला प्राध्यापकाजवळ उत्तर नसते. मी तिच्या मुलाशेजारी बसलो.

त्या खेळाचे नाव माइनक्राफ्ट. तो मूळचा स्वीडनचा. २००९ साली तो प्रथम लोकांपुढे आला, २०११ साली पूर्णरूपात निघाला, आणि त्याच्या प्रतींचा खप ३० कोटींवर गेल्याचे २०२३ साली जाहीर झाले. सारी दुनिया चौकोनी ठोकळ्यांची. माती ठोकळ्याची, झाड ठोकळ्यांचे, सूर्यसुद्धा चौकोनी! झाड तोडावे, लाकूड मिळवावे, खाणीत उतरून दगड फोडावेत, घर बांधावे. रात्री अंधारातून राक्षस निघतात, म्हणून मशाली लावाव्यात. जिंकणे-हरणे असे फारसे नाहीच. लहानपणीची भातुकली आणि दिवाळीतला मातीचा किल्ला यांच्या मधला हा प्रकार. अनेक मुलांना आपापल्या घरी बसून एकाच दुनियेत उतरता येते.

माझ्या ध्यानात आली ती गोष्ट अशी, की ही दुनिया केवळ अभिधेवर चालते. मशाल म्हणजे उजेड. दगड फोडायला लाकडी कुदळ पुरते, पण हिऱ्यासाठी लोखंडी लागते. हा नियम काल होता, आज आहे, उद्याही राहील. कोणी भुवई उडवून तो बदलीत नाही. बोलायचे ते लिहून बोलता येते, म्हणजे उत्तराला विचार करायला वेळ मिळतो. समोरच्याच्या डोळ्यांत पाहण्याची सक्ती नाही. नको झाले तर दूर जाता येते. आमच्या मुलाला जे जे मैदानावर मिळत नव्हते, ते सारे येथे मांडून ठेवले होते.

एका बापाचे मैदान

ही गोष्ट माझ्याआधी पुष्कळांनी ओळखली होती. त्यांतल्या एकाची हकीकत सांगण्यासारखी आहे. कॅनडात ऑन्टारियो प्रांतात टिमिन्स नावाचे गाव आहे. तेथे स्टुअर्ट डंकन हा संगणकावर काम करणारा गृहस्थ राहत होता. त्याचा मुलगा स्वमग्न. आणि पुढे स्वतः डंकनही स्वमग्न असल्याचे निदान झाले. बाप म्हणून आलेले अनुभव तो लिहीत असे, त्यामुळे अशा मुलांचे अनेक आईबाप त्याच्या परिचयाचे होते. त्यांची एकच तक्रार त्याच्या कानांवर येऊ लागली. आमच्या मुलांना माइनक्राफ्ट जीव की प्राण आहे. पण सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या दुनियेत ती गेली की इतर खेळाडू त्यांना चिडवतात, त्यांची घरे मोडतात, त्यांना हाकलून लावतात. म्हणजे तेथेही तेच सोसायटीचे आवार!

२०१३ साली डंकनने केवळ स्वमग्न मुलांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी त्या खेळात एक वेगळी दुनिया उघडली आणि तिचे नाव ठेवले ऑटक्राफ्ट. दहा-वीस घरची मुले येतील अशी त्याची अटकळ होती. पहिल्या दोन दिवसांतच शेकडो पत्रे येऊन पडली. पुढे हजारो मुले तेथे आली. या मैदानाचे नियम स्वच्छ शब्दांत लिहिलेले होते. प्रवेशाचा प्रत्येक अर्ज कोणीतरी वाचूनच मंजूर करी. शिवीगाळ नाही, चिडवणे नाही, दुसऱ्याने बांधलेले मोडायचे नाही, दुसऱ्याचे चोरायचे नाही. मदतनीस सतत हजर. एखादे मूल बिथरले तर त्याला दटावून बाहेर काढायचे नाही, त्याच्याशी बोलत बसायचे. मन शांत करायला निराळ्या खोल्याच बांधलेल्या होत्या.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील शाखेत काम करणाऱ्या केट रिंगलँड या संशोधिकेने या दुनियेत राहून तेथल्या मुलांचे निरीक्षण केले, जसे एखादा मानववंशशास्त्रज्ञ एखाद्या बेटावर राहून करतो. २०१६ साली तिने आपले निबंध प्रसिद्ध केले. त्यांत दिसते ते असे, की ही मुले मित्र शोधीत होती, मैत्री म्हणजे काय याची आपसांत चर्चा करीत होती, आणि समाजात मिसळण्याच्या आपापल्या तऱ्हा घडवीत होती. ज्यांना आपण एकलकोंडी म्हणतो, त्यांनी गाव वसवले होते!

मध्ये एक वस्तू हवी

याचे इंगित काय असावे? माझ्या मते ते एका जुन्या, पडद्याविनाच्या खेळात सापडते. डॅनियल लेगॉफ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाकडे येणारी दोन स्वमग्न मुले एकदा बाहेरच्या खोलीत भेटली. दोघांनीही योगायोगाने लेगोचे ठोकळे आणले होते, आणि एरवी कोणाशी न बोलणारी ती मुले एकमेकांना आपले ठोकळे दाखवू लागली. त्यावरून लेगॉफने एक पद्धत बसवली आणि २००४ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. तीन मुलांनी मिळून एक वस्तू बांधायची. एक अभियंता: तो नकाशा पाहून फक्त सांगणार. दुसरा पुरवठादार: तो हवा तो ठोकळा शोधून देणार. तिसरा गवंडी: तो बांधणार. मग कामांची अदलाबदल. येथे सांगावे लागते, ऐकावे लागते, थांबावे लागते, चुकले तर पुन्हा विचारावे लागते. "बोला, मैत्री करा," असे कोणी म्हणत नाही. तरी बोलणे होते, कारण दोघांच्या मध्ये एक वस्तू असते. आपण मोठी माणसे तरी काय निराळे करतो? पत्त्यांचा डाव, भजनाची पेटी, निदान चहाचा कप मध्ये असल्याशिवाय आपल्याही किती ओळखी झाल्या असत्या?

काही खेळ तर खास शिकवण्यासाठीच रचलेले आहेत. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठात रने ब्यूमाँट या बाईंनी मुलांना छोटे गुप्तहेर बनवणारा एक संगणकीय खेळ तयार केला. चेहरा, आवाजाची पट्टी, उभे राहण्याची ढब यांवरून समोरच्याच्या मनातले ताडायचे, हीच हेरगिरी. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात ४९ मुले होती. खेळाच्या जोडीला मुलांचे गट भरत, आईबापांचे वर्ग होत, शिक्षकांना सूचना जात. या मुलांचे चारचौघांतले वागणे सुधारल्याचे आईबापांनी सांगितले, आणि पाच महिन्यांनीही ती सुधारणा टिकून होती. राग किंवा भीती आली तर काय करावे, हेही त्यांना अधिक चांगले सुचू लागले. मात्र चेहरे ओळखण्यात जी प्रगती झाली, ती हा अभ्यासक्रम न मिळालेल्या मुलांतही तेवढीच झाली होती. म्हणजे पडद्यावरचे चेहरे वाचून सारे साधते असे नाही. आसपासची माणसे जेव्हा त्या खेळात उतरतात, तेव्हा काही साधते.

कानगोष्टींचा प्रयोग

येथवर मी 'त्यांना शिकवायचे कसे' असेच म्हणत आलो. पण न कळणारे तेच एकटे आहेत काय? डेमियन मिल्टन हे इंग्लंडमधले स्वमग्न समाजशास्त्रज्ञ. त्यांनी २०१२ साली असे मांडले, की स्वमग्न माणसाला इतरांचे मन कळत नाही हे अर्धेच सत्य आहे. इतरांनाही स्वमग्न माणसाचे मन कळत नाही. दरी एक आहे, आणि ती दोन्ही काठांवरून सारखीच रुंद दिसते.

२०२० साली एडिंबरा विद्यापीठातून याच्या पडताळ्याचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. तो ऐकून आपल्या वाचकांना गंमत वाटेल, कारण तो म्हणजे चक्क कानगोष्टींचा खेळ! आठ-आठ प्रौढ माणसांच्या साखळ्या करायच्या, पहिल्याला एक गोष्ट सांगायची, त्याने ती दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला. आणि शेवटपर्यंत गोष्टीतले किती टिकते ते पाहायचे. काही साखळ्या केवळ स्वमग्न व्यक्तींच्या, काही इतरांच्या, काही मिश्र. स्वमग्नांच्या साखळीने इतरांच्या साखळीइतकीच गोष्ट शाबूत पोचवली. गळती अधिक झाली ती मिश्र साखळीत. पुढे २०२५ साली असाच प्रयोग अधिक मोठ्या प्रमाणावर झाला, तेव्हा मिश्र साखळीतली ती गळती आढळली नाही. पण स्वमग्न माणसे आपसांत बोलण्यात कोठे कमी पडत नाहीत, हे दोन्ही वेळा दिसले. टाकीमागच्या मुलाला मैदान कळले नव्हते, हे खरे. मैदानाला तो मुलगा कळला होता काय?

तीन सूर्यांचा करार

आता वैद्य जसा औषधाबरोबर पथ्य सांगतो, तसे थोडे सांगितले पाहिजे. व्हिडिओ गेम ही दुधारी वस्तू आहे. अमेरिकेतील मिसुरी विद्यापीठाच्या २०१३ सालच्या एका अभ्यासात स्वमग्न मुलगे दिवसाला सरासरी २.१ तास अशा खेळांत घालवतात, तर इतर मुलगे १.२ तास, असे दिसले. आवडीत पार बुडून जाणे हा या मुलांचा स्वभाव. त्यामुळे खेळ सोडवणे अवघड जाते. जगात सर्वच वयांच्या लोकांना जडणारे खेळाचे व्यसन आता जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या यादीत घातले आहे, आणि ती यादी २०२२ पासून लागू झाली आहे. अनोळखी माणसांसाठी खुल्या असलेल्या दुनियेत मुलाला एकटे सोडणे तर कधीच योग्य नाही. शिवाय प्रत्येक स्वमग्न मुलाला हा खेळ रुचेल असेही नाही. कोणाला त्यातले आवाज त्रास देतील, कोणाचा जीव तबल्यात किंवा झाडांत रमेल. वस्तू कोणतीही चालते. ती मुलाच्या आवडीची हवी आणि तिच्या पलीकडे कोणीतरी बसलेले हवे.

बहिणीने वेळेचा प्रश्न कसा सोडवला, ते सांगतो. "आता पुरे," ही व्यंजना झाली. तिच्यावरून रोज रडारड होई. पण माइनक्राफ्टमध्ये एक दिवस-रात्र घड्याळाच्या बरोबर २० मिनिटांत पुरी होते. तेव्हा करार ठरला तीन सूर्यांचा: तिसरा सूर्य मावळून रात्र सरली की खेळ बंद. त्या दिवसापासून रडणे थांबले. एक पळवाट मात्र निघाली. खेळातल्या बिछान्यावर झोपले की रात्र चटकन सरते, म्हणजे तीन सूर्य लवकर संपतात. हे ध्यानात येताच चिरंजिवांनी खेळात झोपणेच सोडून दिले! करारात ते लिहिलेले नव्हते, त्यामुळे आईला काही बोलता आले नाही.

मी हरवलो ती रात्र

बहिणीच्या आग्रहाने मीही तो खेळ घेतला. मी साताऱ्याला, भाचा पुण्याला, आणि फोन मध्ये उघडा ठेवलेला. मी फार वाईट खेळतो. एका रविवारी लाकडे आणायला म्हणून निघालो, सूर्य मावळला, आणि घर कोणत्या दिशेला तेच मला कळेना. चोहीकडे अंधार, कोठून तरी राक्षसांचे गुरगुरणे. मी फोनवर म्हणालो, "अरे, मी हरवलो रे."

"मामा, कोपऱ्यात तीन आकडे आहेत. ते वाच."

मी वाचले. तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "तुला काय दिसतंय?"

"अंधार."

"अंधारात काय दिसतंय? पाणी? वाळू? झाड?"

"डाव्या हाताला पाणी असावं."

"हलू नकोस. मी येतो."

आठ मिनिटांनी दूरवर एक ठिपका उजळला, मग दुसरा, मग तिसरा. तो वाटेने मशाली लावीत येत होता, म्हणजे परतताना मी पुन्हा चुकू नये. एकूण २३ मशाली. आकडा त्याचा आहे. माझ्यासमोर येऊन तो थांबला आणि फोनवर म्हणाला, "दिसलास."

मग फोन बहिणीने घेतला. तिचा आवाज भरून आला होता. "दादा, ऐकलंस ना? 'तुला काय दिसतंय' असं त्यानं तुला विचारलं." तेव्हा कोठे माझ्या ध्यानात आले. आपल्याला जे दिसते तेच दुसऱ्याला दिसत नसते, त्याला त्याचे विचारावे लागते. सामाजिक कौशल्य म्हणून जे काही म्हणतात, त्याचा पहिला धडा हाच असावा. मी भाषेचा प्राध्यापक. पण हा प्रश्न मी तरी आयुष्यात किती जणांना विचारला होता?

हे एकट्या खेळाचे श्रेय नाही. त्याच्या शाळेतल्या बाई, त्याच्यावर उपचार करणाऱ्या तज्ज्ञ, आणि सर्वांत अधिक त्याची आई, यांचे वर्षानुवर्षांचे कष्ट त्यामागे आहेत. खेळाने एवढेच केले, की ते कष्ट जेथे वापरून पाहता येतील असे मैदान दिले.

पडद्यावरचे अंगणात उतरते का?

हा प्रश्न उरतोच, आणि तज्ज्ञही तो विचारतात. माझ्याजवळ एकाच मुलाचा दाखला आहे. तो दाखला म्हणूनच घ्यावा, सिद्धांत म्हणून नव्हे. भाच्याने खेळात एक डोंगरी किल्ला बांधला होता. तो शेजारच्या एका मुलाने पाहिला. गेल्या दिवाळीत सोसायटीतली मुले मातीचा किल्ला करीत होती आणि त्यांचा बुरूज सारखा ढासळत होता. तो मुलगा याला बोलवायला घरी आला. लिंबूटिंबू म्हणून नव्हे, जाणकार म्हणून! हा गेला, बुरूज पाहिला आणि म्हणाला, "खालचा थर लहान आहे. सात विटा पाहिजेत." मग हा सांगत होता, एक मुलगा विटा आणीत होता, दुसरा माती थापीत होता. लेगॉफचे नावही यांच्यापैकी कोणाला ठाऊक नव्हते.

कॅनरच्या त्या ११ मुलांतला पहिला, डोनाल्ड ट्रिप्लेट, मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट नावाच्या लहान गावात वाढला. तो गावच्या बँकेत नोकरी करी, मोटार चालवी, गोल्फ खेळे, एकटा देशोदेशी हिंडून येई. २०२३ साली, ८९ व्या वर्षी, तो वारला. त्याच्या गावाने त्याला त्याच्या तऱ्हेवाईकपणासकट आपला मानले होते. ज्याला आपण मुलांचे सामाजिक कौशल्य म्हणतो, त्यातले अर्धे गावाने शिकायचे असते.

त्या संध्याकाळी किल्ल्यावर पणत्या लागल्या आणि पुन्हा लपंडाव सुरू झाला. मी गॅलरीत उभा होतो. खाली भाचा पुढे होऊन म्हणाला, "या वेळी राज्य माझ्यावर." मुले क्षणभर एकमेकांकडे पाहत राहिली, मग कोणीतरी म्हणाले, "चालेल." त्याने भिंतीकडे तोंड करून शंभरपर्यंत आकडे म्हटले, एकही न गाळता. मग शोधायला निघाला. एकेकाला शोधून काढताना त्याने बराच वेळ घेतला. साडेआठ वाजले, वरून आयांच्या हाका येऊ लागल्या, मुले कंटाळून म्हणाली, "चल रे, संपला खेळ."

"नाही संपला," तो म्हणाला. "अकरा जण लपले होते. दहा सापडलेत."

अकरावी होती कोणाची तरी पाच वर्षांची बहीण. ती जिन्याखाली जुन्या सायकलींमागे बसली होती. ती लिंबूटिंबू होती, म्हणून तिला कोणी मोजले नव्हते. त्याने मोजले होते.